विझवलेली बिडी

बिडीचा पहिलाच झुरका, आणि धूर सरळ सिंधुबाईंच्या तोंडावर आला. खिडकीची काच बंदच अडकलेली, बस खच्चून भरलेली. नुकतंच लोहा मागं पडलं होतं. नांदेड यायला अजून बराच अवकाश होता. शेजारचा धोतरवाला म्हातारा घरच्या ओट्यावर बसल्यासारखा निवांत ओढत होता.

सिंधुबाईंनी नाकाला पदर लावला. लातूरच्या डॉक्टरांनी दम्याचा पंप देताना बजावलं होतं, धुरात बसायचं नाही. खोकल्याची उबळ आली तशा त्या म्हणाल्या, "दादा, ती बिडी विझवा बरं. मला दम्याचा तरास हाय."

"खिडकीकडं तोंड करा की," म्हातारा म्हणाला. "बिडी माझी, तोंड माझं. तुम्हाला काय तरास देऊन राहिलो मी?"

"तोंड तुमचं, पण नाक माझं हाय ना? धूर काय तिकीट काढून तुमच्यापाशीच बसतो का?"

म्हातारा खुदकन हसला. "हे मात्र खरं बोललात, बाई." त्यानं चपलेच्या तळाला बिडी चोळून विझवली आणि उरलेला तुकडा कानावर खोचला. "किशनराव म्हणत्यात मला. भोकरला निघालो. सवय लई वाईट बघा, हात आपोआप खिशात जातो."

"आमच्या घरी बी हेच होतं," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनाही थोडं हसू आलं.

खरं तर तिथंच सगळं मिटलं होतं. पण सिंधुबाईंचा आवाज पुढंमागं ऐकू गेला होता. अहमदपूरपासून उभा असलेला पांढऱ्या शर्टातला एक माणूस वाकून ओरडला, "ए बाबा! भरल्या गाडीत बिडी? कायदा माहीत हाय का न्हाई?" त्यानं फोन काढून समोर धरला. मग पुढच्या सीटवरची बाई वळली. मागून कुणी म्हणालं, दंड करा. कुणी म्हणालं, दंडानं काय होतंय, खाली उतरवा. तोवर कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला.

"विझवली की हो!" किशनराव म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून कानावरचा तुकडा काढून वर धरला.

तेच चुकलं. बिडी दिसताच गाडीत गलका झाला. "बघा, अजून हातात हाय!"

"अहो, विझलेली हाय ती," सिंधुबाई म्हणाल्या. "माझं आता काही म्हणणं न्हाई."

"मावशी, तुम्ही शांत बसा," पांढरा शर्ट म्हणाला. "आम्ही बघतो."

कंडक्टरनं घंटी ओढली. एका फाट्यावर बस थांबली. ऊन मी म्हणत होतं. सावलीला एक झाड नव्हतं. "उतरा. मागून दुसरी गाडी येईल," कंडक्टर म्हणाला. किशनराव पिशवी घेऊन उठले तेव्हा धोतराचा सोगा सीटच्या लोखंडात अडकला. तो सोडवताना त्यांची त्रेधा उडाली, आणि कुणीतरी हसलं. दाराशी पोचल्यावर ते वळले.

"उतरतो मी. पण त्या बाईला इचारा, तिच्या एका शब्दावर विझवली का न्हाई."

कुणी विचारलं नाही. किशनराव खाली उतरले.

सिंधुबाईंचं डोकं तापलं. याच रस्त्यावर त्यांनी एकदा असंच एकाला बिडी विझवायला सांगितलं होतं. लेक शिल्पा तेव्हा तान्ही होती, तापानं फणफणलेली, मांडीवर. आख्खी गाडी हसली होती. 'एवढ्या नाजूक असाल तर जीप करून जा,' म्हणाले होते सगळे. नांदेड येईपर्यंत लेकीचं तोंड पदराखाली झाकून बसल्या होत्या त्या. तेव्हा धूर सोडणारे सगळे एका बाजूला होते. आता कायदा सांगणारे सगळे एका बाजूला होते. सिंधुबाई तेव्हाही एकट्याच होत्या आणि आजही.

त्या सीटचा दांडा धरून उभ्या राहिल्या. "कंडक्टर, थांबा. त्या माणसाला वर घ्या."

"मावशी, तक्रार तर तुमचीच होती."

"बिडी विझवा म्हणलं होतं मी. माणूस उतरवा म्हणलं नव्हतं."

"घ्या! आता मावशीलाच दया आली," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

"अहो, तुमच्यासाठीच तर केलं आम्ही," पांढरा शर्ट जरा दुखावून म्हणाला.

"माझ्यासाठी केलं, तर माझं ऐकायचं होतं!"

पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. गाडीला हिसका बसला तशा सिंधुबाई सीटवर आदळल्या. काचेतून त्यांनी मागं पाहिलं. किशनराव डोक्यावर पिशवी धरून फाट्यावर उभे होते. आता वर उघडं आभाळ होतं, अडवणारं कुणी नव्हतं. पण ते बिडी ओढत नव्हते. नुसते बसकडं बघत होते. वळण आलं आणि ते दिसेनासे झाले.

पांढऱ्या शर्टातल्या माणसानं फोन खिशात टाकला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बसला. हाश्श करून त्यानं पाय फाकवले, पाठ टेकवली.

"मावशी," तो म्हणाला, "जरा तिकडं सरका की."

सिंधुबाई आधीच काचेला टेकल्या होत्या.