बेचाळिसावा नंबर

आठवी 'ब'मध्ये मुलं एकेचाळीस, पण ग्रुपवर पालकांचे नंबर बेचाळीस. हे लक्षात आलं आणि वर्गशिक्षिकाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या जास्तीच्या नंबरला ना नाव ना फोटो, पण शाळेची बातमी असो की गृहपाठ, सगळ्यांच्या आधी तोच वाचायचा. खेळाच्या सरावाचे मुलींचे फोटोही याच ग्रुपवर जायचे, त्यामुळे बाईंची झोप उडाली. एकेका पालकाला विचारून झालं, तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

मुख्याध्यापक म्हणाले, "इतक्यात काढून टाकू नका. आधी माणूस कोण ते कळू दे, मग पोलिसांकडे जाऊ."

मधल्या सुट्टीत बाईंनी मनाचा हिय्या करून तो नंबर लावला. फोन वाजला तो शिक्षकखोलीच्या दाराबाहेरच, याच वर्षी कामाला लागलेल्या सफाईवाल्या मावशींच्या पिशवीत.

बाई तरातरा बाहेर आल्या. "मावशी, तुमचं कोण आहे आठवीत?"

"कोणी नाही, बाई." मावशींनी मान खाली घातली. "सूचनाफलकावर ग्रुपचा कोड लावला होता, त्यावरून आत आले. चुकलं माझं, पण नोकरी नका घालवू."

"पण कशासाठी आलात?"

मावशींनी पिशवीतून एक वही काढली आणि पदराने पुसून पुढे धरली.


"माझी शाळा आठवीतच सुटली होती, बाई. गृहपाठ रोज करते, पण तपासायला कोणाला द्यावा तेच कळत नव्हतं."