पाकिटावरची बाई

“रंभाताई कुठायत हो, काकू?” चष्मा लावलेल्या बाईनं कॉफीचं पाकीट उलटसुलट करत विचारलं.

“मीच रंभा,” टेबलामागून उत्तर आलं.

बाई हसली. तिनं पाकीट पुढे धरलं. ‘रंभाताईंच्या बागेतली सेंद्रिय कॉफी’ असं त्यावर छापलं होतं. शेजारी ‘रास्त व्यापार’ असा गोल शिक्का, आणि खाली पंचविशीतली एक गोरीपान मुलगी नथ घालून, कमरेवर टोपली घेऊन हसत होती. बाजूची थप्पी ‘शकूताईंच्या बागेतली’ होती. तिच्यावरही तीच मुलगी.

“जुळ्या का या?” असं म्हणून बाईनं पाकीट जागेवर ठेवलं आणि ती पापडांच्या स्टॉलकडे वळली.

डोंबिवलीतलं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. रंभा आणि शकू चिखलदऱ्याहून निघून सकाळीच कल्याणला उतरल्या होत्या. त्यांच्या महिला गटाची कॉफी घेताना कंपनीनं कबूल केलं होतं, जिची बाग तिचं नाव आणि तिचाच फोटो. फोटो काढायला माणूस येऊनही गेला होता. रंभा त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून झाडापाशी उभी राहिली होती.

तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. “शके, हिच्या टोपलीत पाह्य. सारी हिरवी फळं.”

“आपल्या गटात असती त रडवली असती तिले,” शकू म्हणाली. फळ लाल झाल्याशिवाय हात लावायचा नाही, यावरून गटात दर हंगामात भांडणं व्हायची.

कंपनीचा हर्षित पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. रंभानं पाकीट त्याच्यापुढे आपटलं.

“मावशी, तुमचे फोटो ऑफिसला दिलेले मी,” तो म्हणाला. “तिकडे म्हणाले, फ्रेश चेहरा पाहिजे. नाव तुमचंच आहे ना?”

“नाव माहं, अन् तोंड कोनाचं?”

“मॉडेल आहे ती. टेन्शन नका घेऊ, पुढच्या वेळी बघू.” त्यानं आवाज उतरवला. “आणि इथे तमाशा नको, प्लीज. साहेब येणारेत दुपारी. त्यांचं डोकं फिरलं तर पुढच्या हंगामात तुमचा माल घेतील की नाही, माझ्या हातात नाही.”

शकूनं रंभाचा पदर ओढला. गटाची सगळी कॉफी याच कंपनीला जायची. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

रंभा खाली बसली. थप्पीकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरचं किमतीच्या स्टिकरांचं भेंडोळं उचललं, एक स्टिकर सोलला आणि मुलीच्या चेहऱ्यावर मधोमध चिकटवला. मग दुसऱ्या पाकिटावर. मग तिसऱ्या.

“अहो मावशी! तोंडावर काय लावताय तिच्या?”

रंभाचा हात थांबला नाही. शकूनं तिचा पदर सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःची थप्पी पुढे ओढली.

“मले बी दे अर्धे.”

“वेड लागलंय का दोघींना?” हर्षितनं कपाळाला हात लावला. “लोक विचारतील ना, ही बाई कोण म्हणून!”

रंभानं स्टिकर अंगठ्यानं घट्ट दाबला.

“विचारू दे. तू इकडं बोट दाखव.”