चौसष्ट मतं

पार्टीचा बूथप्रमुख मनोहरराव मतदानाच्या दिवशी सकाळी सातले, रातीपासून बेसुध पडलेल्या आपल्या काकाच्या खाटेपाशी आला. मनगट काकाचं धरलं, पण ध्यान सारं आपल्या घड्याळावर. "गेले," म्हणे. पंचफुलाकाकूनं हंबरडा फोडासाठी तोंड उघडलं, तं त्यानं त्यावर हातच ठेवला.

"आता रडू नको वं काकू. दिल्लीचं सरकार एका खासदारासाठी अडून राहिलं, अन् तो आपल्याच पोटनिवडणुकीतून जाणार आहे. मयत कळली तं सारी भावकी इथं येऊन बसन, मंग मतं कोण देईन? तुमची दोघांची सोडून चौसष्ट मतं आहेत आपल्या घराण्याची. सहा वाजता मतदान संपलं का मोकळी रडजो."

बाहेरून कडी घालून तो निघाला. दिवसभर एकेक भाऊबंद घरातून ओढून त्यानं बूथवर नेला. कोणी विचारलं तं सांगे, "काका झोपून आहे."

सहाले कडी काढली. चौसष्टच्या चौसष्ट पडली होती.

"रड आता, काकू."

काकू काकाचे पाय चेपत बसली होती.

"दुपारी उठले होते ना गा ते. म्हणे, छातीत लय दुखते, मनोहरले हाक मार, दवाखान्यात ने म्हणा. म्या सांगितलं, तुमच्यामागं सारे दवाखान्यात गेले तं पार्टीची मतं जातीन. तं म्हणे, राहू दे मंग. पाचले गेले, पण हूं का चूं नाही केलं बिचाऱ्यानं."