कडीची बॅटरी

विळ्याची मूठ. मक्याचं कणीस. ओल्या साबणाची वडी. चहाची किटली.

वारंगा फाट्यावरच्या दुकानात कौसाबाईच्या उजव्या हातातून चार सेलची लांब बॅटरी तिसऱ्यांदा निसटली. तीन सेलची आखूड, जाडजूड बॅटरी तर पंजात मावेचना.

"डाव्या हाती धर की," नवरा तातेराव म्हणाला.

"अन् सापासाठी काठी काय दातात धरू?"

"म्हणून म्हणतो, रातच्याला हळदीला पाणी द्यायला मीच जातो." वर्षभर तो हेच म्हणत होता.

तेवढ्यात चहा आला. कौसाबाईनं किटली उचलून तिघांचे कप भरले. थेंबही सांडला नाही. किटली खाली ठेवता ठेवता ती थबकली.

"भाऊ, ह्या घाटाची बॅटरी हाय का?"

दुकानदारानं माळ्यावरून डब्यासारखी बॅटरी काढली. पोटात सहा सेल, वर किटलीसारखी कडी. कौसाबाईनं कडीत बोटं अडकवली, हात गदागदा हलवला. बॅटरी काही निसटेना.

"आज पाण्यावर मी जाते," ती तातेरावला म्हणाली. "तुमी घरी भाकरी थापा."

मागच्या सोयाबीनच्या हंगामात कौसाबाईचा उजवा अंगठा मळणीयंत्रात गेला होता.