सुम्म

"अक्का, आले!" हणमंतप्पा फाटकाकडून पळत आला. पांजरपोळातला राखणदार गडी तो. हातातली शेणाची टोपली खाली ठेवायचीसुद्धा शुद्ध त्याला नव्हती. "चौघं हाईत. खाकीवाले. बाजारातनं हिकडंच यायलेत."

निलम्माने भाकरी मोडली. तुकडे वेडेवाकडे पडले. ते कुत्र्यांपुढे टाकून तिने ओठावर बोट ठेवलं.

"सुम्म."

लंगडं, खरजुलं, एककानी काळी, सगळी जागच्या जागी बसली. भाकरी नाकापुढं पडलेली, पण एकानं तोंड लावलं नाही.

सुम्म म्हणजे गप. "कानडीत कामून शिकवायलीस, अक्का?" असं हणमंतप्पानं एकदा विचारलं होतं. "मराठी त्यास्नी कळतंय रे, पर ऐकत न्हाईत," ती म्हणाली होती. तेव्हा दोघंही हसले होते.

आळंदच्या त्या पांजरपोळात निलम्मा बिनपगारी कुत्री सांभाळायची. पुण्यासाठी, असं तिने पंचांना सांगितलं होतं. पंचांनी भाकड गाईंना छप्पर दिलं होतं, कुत्र्यांना धर्माची भाकरी लावून दिली होती. माणसाला आसरा द्या म्हटलं की मात्र त्यांच्या पोटात कळ उठायची. म्हणून तिने विचारलंच नाही. गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत पोकळी करून तिने सून चन्नव्वा आणि तीन वर्षांची नात भागी लपवली. मुलगा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपल्याडच्या छावणीत गेला होता. अशांच्या बायका-पोरी खाकीवाले रझाकार उचलून न्यायचे. बाप्या मग मान खाली घालून आपोआप परत येतो, हा त्यांचा हिशेब.

पण कुत्री गंजीकडं तोंड करून भुंकायला लागली. आत माणूस आहे हे कुत्र्याला कुणी सांगावं लागत नाही. तेव्हा तिने हे काम अंगावर घेतलं. गप बसलं की तुकडा, भुंकलं की उपास. गंजीला पाठ लावून ती रोज तेच करायची. सुम्म. तुकडा. सुम्म. तुकडा.

फाटक लाथेसरशी उघडलं.

चौघे आत आले. पुढचा जाडा, खांद्यावर बंदूक. त्याने गाई पाहिल्या, हणमंतप्पाला पाहिलं. हणमंतप्पा टोपली छातीशी धरून भिंतीला चिकटला होता. मग जाड्याची नजर कुत्र्यांवर आली आणि तिथंच थांबली.

"क्यों गे बुड्ढी, मरेसो हैं क्या ये?"

"न्हाई सरकार. उपाशी हाईत. आवाज निघंना त्यांचा."

"भूके हैं?" त्याने बुटाच्या टोकानं भाकरीचा तुकडा पुढं सरकवला, अगदी काळीच्या नाकाला लागेपर्यंत. काळीच्या तोंडातून लाळ गळली. ती हलली नाही. "भूके हैं तो खाते कायकू नै?"

तेव्हा निलम्माला कळलं, आपण काय करून बसलो ते. परका माणूस आत शिरलाय आणि कुत्री गप. असं कुठल्या गावात होतं? एवढं मन लावून शिकवलं आणि शिकवलेलंच आता ओरडून सांगत होतं, इथं काहीतरी झाकलंय.

"किसके वास्ते सिखाई?" जाड्याने बंदूक खांद्यावरून काढली. तिच्याकडं न बघता तो अंगण बघू लागला. गोठा. हौद. गंजी.

गाईंनी रवंथ थांबवला होता की काय कोण जाणे. आणि त्या शांततेत गंजीतून आवाज आला. बारीक. कडब्याची धूळ घशात गेलेल्या पोराचा ठसका.

एकदाच. जाड्याने मान वळवली.

भुंका म्हणून तिने कुत्र्यांना कधी शिकवलंच नव्हतं. त्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता.

निलम्मा खाली पडली. हाताच्या तळव्यांवर, गुडघ्यांवर. गळ्यातलं इष्टलिंग लोंबून शेणात टेकलं. तिने मान वर केली आणि ती भुंकली.

कुत्री तिच्याकडं बघत राहिली. ती पुन्हा भुंकली, घसा फाटेस्तोवर. मग एककानी काळी उठली. तिने एकदा गुरगुरून बघितलं, तुकडा बंद होतोय का ते. आणि मग तिनेही तोंड उघडलं. मागोमाग सगळी उठली. असा गलका झाला की गोठ्यातला लंगडा बैल दाव्याला हिसके द्यायला लागला. खरजुलं थेट जाड्याच्या पायावर धावून गेलं.

"हौ, हौ! पागल है रे बुड्ढी!" मागचा एकजण पोट धरून हसला. "कुत्तों में रहको कुत्ती हो गई!"

जाड्या हसला नाही. गप कुत्री काय, तो ठसका काय, सगळं या वेडीचंच खूळ, असं त्याने मनाशी धरलं. खरजुल्याला त्याने बंदुकीच्या दस्त्यानं उडवलं, निलम्माच्या बरगडीत लाथ घातली आणि कानावर हात ठेवून बाहेर पडला. ती लाथ खाऊनही भुंकतच होती. रस्त्याच्या वळणावर चौघे दिसेनासे झाले तरी भुंकत होती.

"अक्का," हणमंतप्पा म्हणाला. त्याची टोपली आता कुठं खाली पडली. "गेले गं. बास कर."

तिने धापा टाकत मान खाली घातली. "सुम्म," ती म्हणाली. कुत्री जागच्या जागी बसली.

गंजी हलली. चन्नव्वाच्या हातातून सुटून भागी रांगत बाहेर आली. केसांत कडबा, डोळे लाल. ठसक्यानं छाती गदागदा हलत होती, पण ओठ घट्ट मिटलेले.

"खोक, माझी माय," निलम्मा म्हणाली. "गेले ते. मोकळी खोक. रड."

पोरीने आजीकडं पाहिलं. मग ती काळीच्या शेजारी जाऊन रांगेत बसली आणि तुकड्यासाठी हात पुढं केला.