कावळ्याचा कौल

"तात्या गेले अन् माझा बापच गेला!" घाटावर माईक धरून उत्तमशेठ रडले. या उन्हाळ्यात त्यांचे बरेच बाप गेले होते.

नगराध्यक्षपदासाठी पक्षाचं तिकीट त्यांना द्यावं का, हे पारखायला निरीक्षक दाभाडे आले होते. शेठचा सगळा प्रचार दहाव्यांनाच चाले, म्हणून तेही घाटावर.

भाषण संपलं, तरी तात्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. "आईला सांभाळू," मुलांनी शब्द दिला. कावळा पिंपळावरून हलेना. मग शेठच सरसावले. "तात्या, मला निवडून येऊ द्या, तुमच्या गल्लीला रोज पाणी देतो!" कावळा उडाला आणि नदीपलीकडे जाऊन बसला.

ऊन तापलं. शेवटी तात्यांच्या बायकोने हात जोडले. "अहो, नाही देत आम्ही याला मत. आता तरी जेवा." सगळ्या भावकीने माना डोलावल्या. कावळा झपकन पिंडावर उतरला.

शेठच्या घरी मटणावर ताव मारून दाभाडेंनी पक्षाध्यक्षांना फोन लावला. "तिकीट देऊन टाका. लोक खूश आहेत. विरोधात एकच कावळा आहे, पण त्याचं नाव मतदारयादीत नाही."