भावोजींची पारख

"भावोजी, हे कुणी केलंय आणि किती जुनं आहे, एवढंच सांगा."

वहिनीने कापडात गुंडाळलेलं धनुष्य त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवलं आणि ती शेजारच्या स्टुलावर बसली. चहा नको म्हणाली. एरवी ती दुकानात आली की आधी टेबलावरचा पसारा आवरायची आणि आवरता आवरता त्याला चार शब्द ऐकवायची. आज तिने कशालाच हात लावला नाही.

त्याने कापड उलगडलं. तुतीच्या एकाच ओंडक्यातून काढलेलं लांब धनुष्य. रंग काळपट तपकिरी, मुठीला चामड्याची पट्टी. त्याने ते उचलून हातावर तोललं आणि टोकाच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

जुन्या धनुष्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. संग्रहालयवाले यायचे, पैसेवाले हौशी यायचे, आणि त्याने नुसती नकारार्थी मान हलवली की भल्याभल्यांची तोंडं उतरायची. बापाने दोन्ही मुलांना एकच विद्या दिली होती. थोरल्याचा हात तयार झाला, धाकट्याची नजर. थोरला धनुष्यं घडवायचा, धाकटा ती ओळखायचा.

"कुठे मिळालं?"

"लेकीकडे गेले होते ना. तिथे एक जुन्या सामानाचं दुकान आहे."

"दादाचं आहे," तो म्हणाला. "हे बघा. दोरी अडकवायची खाच सगळे सरळ कापतात, हा तिरकी घ्यायचा. बाबा ओरडून ओरडून थकले, पण ऐकेल तर शपथ. आणि लाकडातली ही गाठ. दुसऱ्या कुणी हे लाकूड चुलीत घातलं असतं. दादा गाठीला वळसा घालून पुढे जायचा."

"ते मलाही दिसलं. म्हणून तर आणलं. केव्हा केलंय ते सांगा."

सतरा वर्षांपूर्वी थोरला मासे धरायला म्हणून तळ्यावर गेला होता. होडी उलटी सापडली, माणूस सापडला नाही. काठावरचे बूट धाकट्यानेच घरी आणून दिले. तेव्हापासून वहिनीने ना कुणाचं सांत्वन ऐकून घेतलं, ना दाराचं कुलूप बदललं. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणायचे. धाकटा तसं कधी म्हणाला नाही. छत गळलं की शिडी घेऊन तो हजर. पुतणीला सायकल त्याने शिकवली, आणि तिच्या लग्नात बापाच्या जागी तोच उभा राहिला. अख्ख्या जगात वहिनीचा भरवसा होता तो या एका माणसावर.

"स्पष्टच सांगते," ती म्हणाली. "हे ते जायच्या आधीचं असेल, तर मी भिंतीवर टांगेन आणि वाट बघणं सोडून देईन. थकले मी आता. नंतरचं असेल, तर ते कुठेतरी आहेत. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

त्याने दिवा जवळ ओढला. भिंगातून दोन्ही टोकं पाहिली. नख लावून पाहिलं, नाक लावून पाहिलं. मग मुठीच्या चामड्याचे दोनतीन वेढे सोडवले, आत पाहिलं आणि ते पुन्हा घट्ट आवळून टाकले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. त्याने वरही न बघता, नंतर या, म्हणून त्याला परत पाठवलं.

"वीस वर्षं तरी झाली," तो शेवटी म्हणाला. "बावीसही असतील. तुतीचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं. असं काळवंडायला काळ जावा लागतो."

"वरून रंग दिलेला नसेल?"

"म्हणून तर चामड्याखाली बघितलं. आतही काळंच आहे."

"तुमची नजर चुकली असेल असं नाही ना होणार?"

"या कामात अजून तरी चुकलेली नाही." त्याने भिंग खाली ठेवलं. "वहिनी, दादा गेला. सतरा वर्षं तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंत. आता पुरे करा. मला बघवत नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या पाण्यात खोटं काही नव्हतं. तिलाही रडू आलं. पदर तोंडाला लावून ती आवाज न करता रडली. त्याने उठून तिला पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन तिने डोळे कोरडे केले आणि धनुष्य पुन्हा कापडात गुंडाळलं.

"मी येतो घरी सोडायला," तो म्हणाला. "भिंतीला खिळाही ठोकून देतो."

"नको."

दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि त्याच्याकडे वळली.

"हे गेल्या महिन्यात पुरं झालं, भावोजी. या काळ्या रंगाचा शेवटचा हात त्यांनी माझ्यासमोर फिरवला. म्हणाले, धाकट्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. मी म्हटलं, काहीही बोला, पण भावोजींवर असला आळ घेऊ नका."